बोरू, शिळा आणि खिळा

धंदा बदलला म्हणजे माणसानें आपणही बदलावें, असा उपदेश अलीकडे ज्याच्या त्याच्या तोंडीं ऐकूं येतो. कचेरींत नवें यंत्र आलें कीं दुसऱ्याच दिवशीं एखादे गृहस्थ जुन्या नोकरांना जमवून सांगतात कीं काळाबरोबर चला, नाहीं तर काळ तुम्हांस मागें टाकील. उपदेश खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो करणाराची स्वतःची पाळी बहुधा अजून आलेली नसते, इतकें मात्र आमच्या ध्यानांत आलें आहे. मागें अशी पाळी ज्यांवर आली त्यांचें पुढें काय झालें, हें पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. महाराष्ट्रांत हें पाहण्यास एक धंदा फार सोयीचा आहे, तो अक्षरें उमटविण्याचा. दोनशें वर्षांत त्याचीं साधनें तीनचार वेळां समूळ बदललीं, आणि दर वेळीं कोण तरला व कोण बुडाला ह्याच्या खुणा कागदावरच राहिल्या आहेत.

पेशवाईच्या अखेरीस लिहिण्यावर पोट भरणारे लोक मुख्यतः दोन प्रकारचे होते. एक दफ्तरांतला कारकून. त्याची लिपि मोडी. दुसरा पोथ्या लिहिणारा लेखक; त्याची लिपि बाळबोध. दोघांच्याही हातीं बोरूच असे, पण हातांचें वळण निराळें. मोडींत ओळीची रेघ आधीं ओढून घ्यावयाची, आणि तिच्याखालीं बोरू शक्य तितका न उचलतां अक्षरास अक्षर जोडीत जावयाचें. ऱ्हस्वदीर्घाची फारशी पर्वा नाहीं, शब्द तोडण्याची तर मुळींच नाहीं. हुकूम निघावयाचा आहे, स्वार बाहेर खोळंबला आहे, अशा वेळीं वेग हाच गुण. पोथी लिहिणाराचें काम ह्याच्या उलट. घोटलेला कागद, काजळाची डिंक घातलेली शाई, तांबड्या रेघांनीं आंखलेला समास, आणि प्रत्येक अक्षर सुटें, वाटोळें, भरदार. पोथीच्या शेवटीं हा लेखक आपलें नांवगांव, शक व तिथि लिही, आणि पुष्कळदां ठराविक संस्कृत श्लोकांत वाचकास विनवी कीं जसें पाहिलें तसें लिहिलें, दोष मला देऊं नका. पाठ, कंबर व मान मोडून हें लिहिलें आहे, तेव्हां जपून ठेवा. श्लोकांतला विनय उसना असला तरी कंबरदुखी उसनी नव्हती.

१८१८ सालीं राज्य गेलें. त्याबरोबर कारकुनाची चाकरीही गेली असेल असें आज कोणासही वाटेल. पण सरसकट तसें झालें नाहीं. नव्या सरकारास वसूल हवा होता, वसुलाचे कागद मोडींत होते, आणि ते वाचणारे व लिहिणारे हेच लोक होते. पुण्याच्या वाड्यांतलीं मानाचीं कामें गेलीं, शिलेदारांकडले हिशेब आटले. परंतु मामलेदार कचेरी व कुलकर्ण्याचें दफ्तर ह्या दोन ठिकाणीं मोडीचा बोरू पुढें शंभरांहून अधिक वर्षें चालत राहिला. कारकुनास बदलावें लागलें तें अक्षरांत नव्हे, वागण्यांत: ठरलेल्या वेळीं यावयाचें, आंखलेल्या नमुन्यांत रकाने भरावयाचे, आणि ज्याला आपली लिपि येत नाहीं अशा साहेबासमोर ती वाचून दाखवावयाची. वरच्या जागा इंग्रजी जाणणारांकडे गेल्या. ज्या कारकुनांनीं मुलांस वेळींच इंग्रजी शाळेंत घातलें त्यांचीं घरें वर आलीं; म्हणजे बदलला तो मुलगा, बाप नव्हे. कुटुंबाच्या इतिहासांत ही गोष्ट ‘आम्ही काळ ओळखला’ अशा शब्दांत सांगतात. बापाला काय वाटलें तें त्यांत नसतें.

पोथीलेखकाची गोष्ट निराळी. त्याला कोणी कामावरून काढलें नाहीं. त्याचें गिऱ्हाईक हळूहळू यावयाचें थांबलें.

छापण्याची कल्पना ह्या मुलखास अगदींच अपरिचित नव्हती. गोव्यांत पाद्र्यांचा छापखाना १५५६ सालींच आला होता, व फादर स्टीफन्सचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं रोमन अक्षरांत छापलें गेलें. १६७४ च्या सुमारास भीमजी पारेख ह्या गुजराती व्यापाऱ्यानें कंपनीकडे खटपट करून हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक विलायतेहून मुंबईस आणविला. पण तो छापणारा होता, खिळे पाडणारा नव्हता, त्यामुळें नागरी अक्षरांचा बेत तडीस गेला नाहीं. पुढें नाना फडणीसांच्या मनांत गीता छापून वांटण्याचें होतें. त्यांच्या हयातींत तें झालें नाहीं. १८०५ सालीं मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयानें तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता छापून निघाली. कोरणारा पुण्याचा एक तांबट होता व ही विद्या तो इंग्रजांच्या वकिलातींत शिकला, असें सांगतात. नागरी अक्षराच्या ह्या नव्या कामास पुढें झाला तो जन्मभर अक्षर लिहिणारा लेखक नव्हे, भांडीं घडविणारा कारागीर. हाच प्रकार पुढें पुन्हां पुन्हां दिसतो. मुंबईंत १८१२ सालीं गुजराती छापखाना घालणारे व १८२२ सालीं ‘मुंबई समाचार’ सुरू करणारे फर्दूनजी मर्झबान मूळचे पुस्तकें बांधणारे. अक्षरांच्या धंद्यांत मोठी उलथापालथ केली ती बहुतेक बाहेरच्यांनीं, किंवा दाराशीं उभ्या असलेल्यांनीं.

लेखकाला एक संधि मात्र आली, आणि ती दगडानें आणली. शिळाछापाची युक्ति बव्हेरियांत आलोइस सेनेफेल्डर ह्यानें अठराव्या शतकाच्या अगदीं शेवटीं काढली. तिचें मर्म एवढेंच कीं स्निग्ध पदार्थ व पाणी हीं एकमेकांस धरीत नाहींत. एका जातीच्या गुळगुळीत चुनखडी दगडावर चरबीच्या शाईनें अक्षर काढावयाचें, दगडास डिंक व तेजाब ह्यांचें पाणी द्यावयाचें, मग तो ओला ठेवून वरून शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या जागीं शाई बसत नाहीं, अक्षरावर तेवढी बसते. प्रत्यक्ष दगडावर लिहावयाचें तर उलटें लिहिणें प्राप्त होतें. पण लेप दिलेल्या कागदावर सुलटें लिहून तो दगडावर दाबला म्हणजे अक्षर आपोआप उलटें उतरे, आणि छापतांना पुन्हां सुलटें होई. म्हणजे लेखकानें जन्मभर जें केलें तेंच करावयाचें. शाई फक्त निराळी. खिळ्यांच्या छापखान्यास नागरीचीं जोडाक्षरें, वरच्या मात्रा व खालचे उकार हें मोठें संकट होतें. दगडास त्याचें कांहींच नव्हतें, कारण तेथें हात लिहील तें छापलें जाई. १८२० नंतरच्या दशकांत मुंबईस कॅप्टन जार्व्हिस ह्यांच्या देखरेखीखालीं शाळांकरितां जीं मराठी पुस्तकें निघालीं त्यांत शिळाछापाचीं पुष्कळ होतीं. त्यांपैकीं एखादें आज हातीं घेतलें तर प्रथम पोथी उघडल्याचाच भास होतो.

परंतु ह्या संधीचा हिशेब नीट मांडला पाहिजे. शंभर प्रतींकरितां पूर्वीं ग्रंथ शंभर वेळां लिहावा लागे. आतां तो एकदांच लिहिला म्हणजे झालें. ज्या एका लेखकाचें अक्षर दगडावर गेलें त्याची विद्या शेंकडों घरीं पोंचली, आणि त्याच एका कामानें नव्व्याण्णव जणांचें लिहिणें संपलें. तरलेल्या एकाचें कौतुक करतांना आपण हें भागाकाराचें गणित विसरतों.

शिळेचा खरा उपयोग केला गणपत कृष्णाजी ह्यांनीं. हे जातीचे भंडारी, अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत नोकरीस होते. तेथें पाहून पाहून त्यांनीं विद्या आत्मसात् केली, स्वतःचें यंत्र उभें केलें, आणि १८३१ सालीं मराठी पंचांग छापून बाजारांत आणलें. पंचांगच कां, ह्याचा विचार केला म्हणजे ह्या गृहस्थांच्या व्यवहारज्ञानाचें आश्चर्य वाटतें. पोथी एकदां घेतली कीं तीन पिढ्या पुरते. पंचांग दर वर्षीं नवें लागतें. तें घरोघर हवें असतें, आणि पाडव्यापूर्वीं हवें असतें. हातानें लिहून तें किती जणांस मिळणार? अडचण होती ती सोंवळ्याची. छापाच्या शाईंत चरबी असते, तिच्या पुस्तकास हात कसा लावावा, असा प्रश्न निघाला. गणपत कृष्णाजींनीं धर्मग्रंथांकरितां तुपाची शाई केली असें सांगतात. तिथिवार छापाचे वाचूं लागलेल्या भटजींना छापाच्या पोथीचाही विटाळ फार दिवस वाटला नाहीं. पोथ्याही लांबट सुट्या पानांच्याच छापीत, म्हणजे सोंवळें नेसून मांडीवर घेऊन वाचावयास अडचण पडूं नये. पुढें त्यांनीं खिळेही स्वतःच पाडले. १८६० सालीं ते वारले तेव्हां मुंबईंत मराठी छापखाना ही नवलाई राहिली नव्हती.

आतां खिळ्यांकडे वळूं. विल्यम केरी ह्यानें श्रीरामपुरास १८१० सालीं मराठी कोश काढला तो मोडी खिळ्यांनीं. म्हणजे छापाची लिपि मोडी व्हावी, ही वाट मोकळी होती. पण मोडीचा प्राणच अक्षरें जोडीत जाण्यांत, आणि खिळ्याचा धर्म प्रत्येक अक्षर सुटें ठेवण्याचा. बाळबोध ही मुळांतच सुट्या अक्षरांची. मुंबईच्या अमेरिकन मिशननें १८१७ पासून बाळबोधींत छपाई आरंभिली, शाळांचीं पुस्तकेंही बाळबोध झालीं, आणि एका पिढींत असें घडलें कीं जी लिपि पोथीपुरती होती ती सर्व महाराष्ट्राची झाली, व जी सर्व व्यवहाराची होती ती कचेरीपुरती उरली. लिपीचा विजय झाला. पण ती लिपि हातानें सुंदर लिहिणारा त्या विजयांत कोठेंच नाहीं, हें चमत्कारिक आहे.

त्याच्या जागीं कोण आला, तें पाहावयाचें तर जावजी दादाजींचें चरित्र पाहावें. जन्म १८३९. दहा वर्षांच्या वयांत मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याच्या कामावर, दरमहा दोन रुपयांवर. खिळे पाडण्यांत निष्णात अशा टॉमस ग्रॅहम ह्यांच्या हाताखालीं तो मुलगा शिकला. पुढें ‘टाइम्स’, मग ‘इंदुप्रकाश’, मग ‘ओरिएंटल’ अशा छापखान्यांतून नोकऱ्या केल्या. १८६४ सालीं राणोजी रावजी आरू ह्यांच्या साहाय्यानें स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला, आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. १८९२ सालीं ते वारले तोंवर संस्कृत ग्रंथ म्हणजे निर्णयसागरचा, असें समीकरण काशीपर्यंत पोंचलें होतें. ह्या मनुष्यानें स्वतःला किती वेळां बदललें! पण त्याला टाकून द्यावयाचें असें जुनें कांहीं नव्हतें, हेंही सांगितलें पाहिजे. दहा वर्षांच्या पोरानें नवें शिकणें आणि पन्नाशीच्या लेखकानें शिकणें ह्यांत जें अंतर आहे तें उपदेश करणारांच्या हिशेबांत कधींच येत नाहीं.

बोरूवाले लेखक खिळ्यांच्या पेट्यांपुढें उभे कां राहिले नाहींत? आमचा तर्क असा कीं अडचण केवळ वयाची नव्हती. पोथी लिहिणारा बसून लिही. जुळारी दिवसभर उभा. लेखकाचा हात शाईनें फार तर बोटापुरता काळा. जुळाऱ्याचा शिशानें कोपरापर्यंत. आणि सर्वांत मोठी गोष्ट, लेखकाची कीर्ति त्याच्या अक्षरांत होती. खिळ्यांत तर कोणीही जुळविलें तरी अक्षर एकच. ज्यांत आपली ओळखच उरत नाहीं असें काम पत्करणें म्हणजे धंदा बदलणें नव्हे, नांव पुसणें. पुढेंपुढें पोथ्यांच्या शेवटीं नांवगांव, शक आणि ती कंबरदुखी दिसेनाशी होते, व तिच्या जागीं छापखान्याचें नांव आणि किंमत येते.

लेखक गेला, पण त्याचा हात गेला नाहीं. नागरी खिळ्याचें अक्षर नीट न्याहाळून पाहावें: उभी रेघ जाड, वळण एका बाजूस बारीक होत जाणारें, टोंक तिरपें. धातूंत असें करण्याचें कांहींच कारण नाहीं. तो तिरप्या कापाच्या बोरूचा स्वभाव आहे, आणि ठसे कापणारांनीं तो जसाच्या तसा पोलादांत उतरविला. त्याबद्दल कोणास मजुरी मिळाली नाहीं.

शास्त्रीमंडळींनीं मात्र जागा शोधली. कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८२४–१८७८) हे जुन्या पाठशाळेंत तयार झालेले; त्यांनीं मोठेपणीं इंग्रजी आत्मसात् करून भाषांतरें, मासिकें व शिक्षकांचें विद्यालय ह्यांत तितकाच मान मिळविला. पण असे थोडे. त्यांहून आम्हांस महत्त्वाचे वाटतात ते निर्णयसागरांतले शास्त्री. १८८६ पासून ‘काव्यमाला’ निघूं लागली. पंडित दुर्गाप्रसाद व काशीनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. मागून वासुदेवशास्त्री पणशीकर ह्यांनीं कितीतरी ग्रंथ शोधून दिले. पाठांतर, व्याकरण, पाठभेदांची पारख ही जुनीच विद्या. जुळाऱ्याच्या हातून सुटलेला एखादा विसर्ग मुद्रितांत पकडण्यास तीच लागे. दक्षिणा बंद झालेल्या विद्येस छापखान्यानें पगार दिला. हे लोक बदलले असें म्हणण्यापेक्षां, त्यांच्या विद्येवांचून नव्या यंत्राचें अडत होतें, आणि तें त्यांनीं व छापखान्याच्या धन्यानें वेळींच ओळखलें, असें म्हणणें अधिक बरोबर होईल. धनी जावजींसारखा नसता तर त्या शास्त्र्यांचें काय झालें असतें, हें सांगवत नाहीं.

दगडाचेंही असेंच झालें. खिळ्यांनीं अक्षरें नेलीं, तेव्हां शिळा चित्रांकडे वळली. १८७८ सालीं पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या मित्रांनीं चित्रशाळा काढली, १८९४ सालीं मुंबईस राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला, आणि घरोघर भिंतीवर देव लागले. उर्दूकडे मात्र अक्षराचें राज्य फार टिकलें. नस्तलीक लिपि खिळ्यांत बसेना, म्हणून कातिब पानेंच्या पानें लिहीत व तीं दगडावर, मागून पत्र्यावर उतरत. १९८१ सालीं लाहोरच्या ‘जंग’ पत्रानें यंत्राचें नस्तलीक वापरलें तेव्हां त्या धंद्याची अखेर दिसूं लागली. चेन्नईचें ‘मुसलमान’ हें १९२७ सालीं निघालेलें पत्र तर एकविसाव्या शतकांतही हातानें लिहिलें जाई.

मग पाळी आली जुळाऱ्याची. ज्यानें बोरूला घरीं बसविलें तो खिळा शंभर सवाशें वर्षांत स्वतःच घरीं बसला. १९८० नंतरच्या दहाबारा वर्षांत संगणकानें मराठी अक्षरजुळणी उचलली. त्या वेळीं जिल्ह्याच्या गांवीं एका छापखान्यांत आमचें जाणें-येणें असे. तेथें एक वृद्ध जुळारी होते; सर्व त्यांना मामा म्हणत. खिळ्यांची उलटी ओळ ते आमच्या सुलट्या वाचण्याहून जलद वाचीत. पेटींतलीं शेंकडों घरें त्यांच्या हाताला ठाऊक होतीं. बोलतां बोलतां हात आपला जाऊन अर्धा ‘ष’ घेऊन येई. मालक भला मनुष्य होता. त्यानें मामांना स्वतःच्या खर्चानें महिनाभर संगणक शिकावयास पाठविलें. परत आल्यावर मामा त्या पट्टीपुढें बसत, आणि प्रत्येक अक्षरापाशीं त्यांचा उजवा हात थोडा वर उचलला जाऊन हवेंतच थांबे. आम्ही सहज विचारलें, “जमतंय का मामा?” ते म्हणाले, “अक्षर कुठं ठेवलंय ते डोक्याला कळतं हो, हाताला कळत नाही.” पुढें त्यांना मुद्रितें तपासावयास दिलीं. त्या कामांत ते बरे होते. फार बरे होते असें नाहीं, कारण सुलटें वाचावयाची त्यांना संवय नव्हती. दोन वर्षांनीं ते यावयाचे बंद झाले. खिळे वजनावर विकले गेले.

त्या छापखान्यांत चूक कोणाची होती असें विचाराल तर आम्हांस सांगतां येणार नाहीं. मालकानें करावयाचें तें केलें, मामांनींही केलें.

आणि मोडी? शाळांतून ती विसाव्या शतकाच्या मध्यास गेली, कचेऱ्यांतूनही गेली. परंतु तिला मधूनमधून बोलावणें येतच राहिलें. १८९८ सालीं राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ काढावयास आरंभ केला तेव्हां मोडी वाचणारा मनुष्य एकाएकीं विद्वान् ठरला. १९३० ते १९३४ ह्या काळांत सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं पेशवे दफ्तराचे पंचेचाळीस भाग निघाले, त्यामागेंही मोडी वाचणारांचेच डोळे होते. आणि २०२३ सालीं मराठा आरक्षणाच्या प्रश्नावरून निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे ह्यांची समिति नेमली जाऊन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां तालुक्यातालुक्यांच्या दफ्तरखान्यांतून जुनीं गांठोडीं सुटलीं. निघाले ते कागद पुष्कळसे मोडींत, मराठवाड्याकडे उर्दूंतही. ते वाचणार कोण? कचेरींत कोणाला येईना. मोडी जाणणारांची शोधाशोध झाली. आजोबांकडून शिकलेले, हौसेनें वर्ग केलेले, असे लोक बोलावून आणले गेले.

त्यांपैकीं एक सेवानिवृत्त गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. नोकरींत असतां त्यांच्या मोडीची थट्टा होत असे. ते सांगत होते कीं गांवनमुन्यांतलीं नांवें व आडनांवें भराभर वाचतां येतात. अडतें तें एकाच ठिकाणीं. जात लिहावयाच्या रकान्यांत कुलकर्ण्यानें घाईनें दोनच अक्षरें लिहून पुढें नुसती रेघ ओढलेली असते, बोरू न उचलतां, आणि त्या रेघेंत तिसरें अक्षर आहे कीं नाहीं हें भिंगानेंही दिसत नाहीं. बाहेर ओट्यावर तें ऐकण्याकरितां माणसें बसलेलीं असतात.